फाब्रियानो: लोकर, कातडं, लोखंड आणि कागद

जलरंगात काम करणाऱ्यांपैकी अनेकांनी फाब्रियानोचा कागद हाताळलेला असतो. ते गाव मात्र नकाशात शोधावं लागतं. मध्य इटलीतल्या मार्के प्रांतात, अँकोना बंदरापासून आत, अपेनाइन डोंगरांच्या पायथ्याशी ते वसलंय. उंची सुमारे 325 मीटर, वस्ती तीसेक हजार. गावातून जियानो नदी वाहते आणि पुढे एसिनोला मिळते. आपण जिला ओढा म्हणू एवढीच ती नदी, पण पाणचक्कीला लागतो तो उतार तिच्याकडे आहे.

कागदाचा शोध इथे लागला नाही, हे आधीच सांगून टाकतो. चीनमधली ही विद्या अरबांमार्फत भूमध्य समुद्राकाठी आली. तेराव्या शतकात ती फाब्रियानोत रुजली, तेव्हा युरोपात कागदाला फारशी पत नव्हती. सरकारी दस्त चर्मपत्रावरच लिहावेत, असा कायदा सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने 1231 साली केला होता. अरबी कागदाला पिठाची खळ असे, आणि खळ म्हटली की बुरशी आणि कसर आलीच.

फाब्रियानोकरांनी यात तीन सुधारणा केल्या. माझ्या मते त्या तिन्ही गावातल्या जुन्या धंद्यांच्या पोटातून निघाल्या. इथे लोकरीचं कापड विणलं जाई, कातडी कमावली जात, आणि लोहार तर इतके महत्त्वाचे की गावाच्या मानचिन्हावर आजही पुलावर ऐरण ठोकणारा लोहार आहे.

पहिली सुधारणा कुटण्याची. विणलेलं लोकरी कापड पाण्यात घालून पाणचक्कीच्या हातोड्यांनी बडवतात, म्हणजे ते दाट होतं. तेच यंत्र चिंध्यांना लावलं. ताग किंवा अंबाडीच्या नव्हे, तर लिनन आणि भांगेच्या धाग्याच्या जुन्या कपड्यांच्या या चिंध्या. त्या निवडून, पात्यावर कापून, भिजवून, चुना घालून मुरवत. मग दगडी कुंडांत कुटाई होई. चाकाच्या आसावरचे दांते लाकडी हातोडे उचलत आणि सोडून देत. पहिल्या कुंडातल्या हातोड्यांना टोकदार खिळे, ते चिंधी फाडत. पुढच्या कुंडातले खिळे बोथट. शेवटच्यात नुसतं लाकूड, फक्त लगदा एकजीव करायला. घाई करून कच्चा लगदा पुढे ढकलला तर कागदात गाठी राहतात. फार कुटला तर तंतू आखूड होतात, पाणी निथळायला वेळ लागतो आणि वाळताना कागद आकसतो.

दुसरी सुधारणा खळीची, आणि मला सगळ्यात मोठी वाटते ती हीच. कातडी कमावताना उरणारी छाटणं उकळून जिलेटिनचा पातळ सरस काढला. वाळलेले कागद कोमट सरसात बुडवायचे, हलक्या दाबाने जास्तीचा सरस काढायचा आणि माडीवर दोऱ्यांवर टांगायचे. तिथल्या खिडक्यांच्या झडपा वारा बघून उघडायच्या. वारं जोराचं लागलं तर कागद सुरकुततो. उन्हाळ्यात सरस नासतो, म्हणून थंड हवामान सोयीचं. जमलेल्या कागदावर पिसाची लेखणी टोचत नाही, शाई फुटत नाही आणि कसरीला खायला पीठ मिळत नाही.

तिसरी गोष्ट जलचिन्ह. लोहारांच्या गावात बारीक तार सहज मिळे, म्हणून साच्याची जाळी तारेची झाली. त्या जाळीवर तारेचीच एखादी आकृती शिवली, की तिच्यावर लगदा पातळ बसतो आणि कागद उजेडात धरल्यावर ती उजळ दिसते. आज माहीत असलेलं सर्वांत जुनं जलचिन्ह 1282 च्या कागदावर आहे. शेजारच्याच सास्सोफेर्रातोचा कायदेपंडित बार्तोलो याने चौदाव्या शतकात नोंदवलंय, की फाब्रियानोत प्रत्येक कारखान्याच्या कागदाला स्वतःची खूण असते. ट्रेडमार्कच म्हणा की!

प्रत्यक्ष कागद उचलतानाची जोडी बघण्यासारखी असते. एक कारागीर चौकट बसवलेला साचा हौदात बुडवतो, वर घेतो आणि दोन्ही दिशांना हलवतो, म्हणजे तंतू एकमेकांत अडकतात. दुसरा तो ओला थर लोकरीच्या नमद्यावर उलटवतो. या वेळी हातावरून पाण्याचा थेंब ओल्या कागदावर पडला, तर तिथे कायमचा पातळ ठिपका राहतो.

हे वैभव फार काळ एकट्या गावाचं राहिलं नाही. कारागिरांनी बाहेर जाऊन विद्या शिकवू नये म्हणून बंदी आली, पण ती पाळली गेली नाही. मधल्या पडझडीनंतर 1782 मध्ये पिएत्रो मिलियानीने धंदा पुन्हा उभा केला. पुढे मेणात कोरलेल्या आकृतीवरून ठसे करून जाळीच दाबायचं तंत्र आलं. त्यातून छायाप्रकाश असलेली जलचिन्हं आणि नोटांचा कागद आला.

गावात 1255 चा नगरप्रासाद आहे, 1285 चं गोल कारंजं आहे. 1423 साली फ्लॉरेन्समध्ये सोन्याने झगमगणारं ‘मॅजायची आराधना’ (बाळ येशूला भेटायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांचं चित्र) रंगवणारा चित्रकार जेंतिले इथलाच. विसाव्या शतकात मेर्लोनी घराण्याने जवळच्या अल्बाचिनात 1930 पासून तराजू बनवले, मग गीझर, धुलाईयंत्रं. चाकणचा रेकोल्ड गीझरचा कारखाना मेर्लोनींच्याच अरिस्टन समूहाचा, तेव्हा पुण्याच्या न्हाणीघरांशी फाब्रियानोचा संबंध आहेच.

2024 मध्ये छपाई-झेरॉक्सच्या साध्या कागदाचं उत्पादन बंद करण्याची घोषणा झाली आणि गावात निदर्शनं झाली. चित्रकलेच्या कागदाचं काम मात्र सुरू राहिलं. सान दोमेनिको मठातल्या कागद संग्रहालयात पाहुण्यांना स्वतः साचा हौदात बुडवून बघता येतो.