वस्तरा लागला तर काय करायचं, आणि मुळात तो का लागतो?

नमस्कार मंडळी! आज हातात उघडा वस्तरा आहे, त्यामुळे हातवारे कमी. हा सलूनमधला अर्धं ब्लेड घालायचा नाही, अखंड पोलादी पात्याचा आहे. तो कसा वापरायचा ते पुढे सांगतोच. आधी रक्त थांबवू, कारण तुमच्यातले काही जण आत्ता हनुवटीला कागदाचा तुकडा चिकटवूनच हा व्हिडिओ बघत असणार.

पहिलं म्हणजे घाबरू नका. चेहऱ्याच्या त्वचेत बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, गरम पाण्याने त्या आणखी फुलतात. त्यात तोंड ओलं. एक थेंब रक्त पाण्यात पसरतं आणि आरशात खून झाल्यासारखं दिसतं. वस्तरा मिटून बाजूला ठेवा. थंड पाण्याने फेस धुवा, स्वच्छ कापड घ्या आणि दाबून धरा. पाच मिनिटं. अंदाजाने नाही, घड्याळ लावून. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: दर दहा सेकंदांनी कापड उचलून "थांबलं का?" बघतात आणि गोठत आलेलं रक्त पुन्हा सुटतं. चिकटवलेला कागदही कोरडा ओढू नका, तसाच प्रकार होतो. आधी भिजवा, मग काढा.

मग तुरटी. पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचा हा क्षार. खडा ओला करायचा आणि चिरेवर अर्धा मिनिट टेकवायचा. तिथली प्रथिनं गोठतात, त्वचा आकसते, बारीक वाहिन्यांची तोंडं मिटतात. झोंबणार, ते धरून चाला. पण तुरटी ओरखड्यांसाठी आणि टाचणीएवढ्या ठिपक्यांसाठी आहे. खोल चिरेत ती घासत बसू नका. आफ्टरशेव्ह? त्याने रक्त थांबत नाही, आग तेवढी होते. टूथपेस्ट, कॉफीची पूड, स्वयंपाकघरातली हळद यातलं काहीही जखमेत भरायचं नाही. रक्त थांबलं की पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. जखम ओलसर राहिली की खपली जाड धरत नाही. ती जागा भरेपर्यंत तिथे पातं फिरवू नका.

सलूनबद्दल एक बोलायचंय. हल्ली बहुतेक ठिकाणी ब्लेड तुमच्यासमोर नवं टाकतात. छान. पण तुरटीचा खडा? तो सकाळपासून किती गालांवरून फिरलाय? हेपेटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर पृष्ठभागावर किमान सात दिवस तग धरू शकतो. चार पैशांची तुरटी, आपली आपण खिशात घालून न्या. दुसऱ्यावर वापरलेलं ब्लेड लागल्याची शंका असेल, तर जागा साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हेपेटायटिस बीची लस शक्यतो 24 तासांत घ्यायची असते. एचआयव्ही रोखणारी औषधं लागणार असतील तर ती जितक्या लवकर तितकं बरं, 72 तासांच्या आतच.

डॉक्टरकडे आणखी कधी जायचं? पंधरा मिनिटं सलग दाबूनही रक्त थांबत नसेल, चिरेच्या कडा उघड्या राहत असतील, ओठाची कड कापली असेल, किंवा पुढच्या दिवसांत लाली पसरत जाऊन पू दिसला तर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर वस्तरा हातात घेण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

आणि धनुर्वात. अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांचा थोरला भाऊ जॉन. 1842 च्या जानेवारीत वस्तऱ्याला धार लावताना त्याच्या बोटाला लहानशी चीर गेली. धनुर्वात झाला आणि काही दिवसांतच तो गेला. तेव्हा लस नव्हती, आपल्याकडे आहे. शेवटचा डोस दहा वर्षांपूर्वी घेतला असेल तर पुन्हा घ्या.

यात बघा, चीर बोटाला गेली होती. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवताना पाठ पुढे आणि धार मागे. शेवटाला पोहोचलात की पाठीवरच पलटायचा, धारेवर कधीच नाही. आणि हातातून निसटला तर पडू द्या. झेलायला जाऊ नका!

आता गालावर. वस्तरा असतो उजव्या हातात, पण कापणं वाचवतो डावा. चांगल्या न्हाव्याचा डावा अंगठा बघत जा: पात्याच्या जरा मागे टेकवून तो कातडी ताणून धरतो. सैल कातडीची पात्यापुढे वळी पडते आणि धार त्या वळीत शिरते, बस, एवढंच घडतं. हात ओले असतील तर बोटं घसरतात, म्हणून ती आधी तुरटीवर घासा, पकड येते. हा तिचा दुसरा उपयोग, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा.

वस्तऱ्याची पाठ कातडीपासून जेमतेम उचललेली, कोन साधारण तीस अंश. आडवं, म्हणजे धारेच्या लांबीच्या दिशेने, सरकवायचं नाही. सुरी भाजी अशीच कापते. जोरही द्यायचा नाही, वस्तऱ्याचं वजन पुरतं. जोर द्यावासा वाटला की समजा धार गेली आहे. बोथट वस्तराच जास्त कापतो, कारण आपण तो दाबतो.

दाढी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने भिजवा. पहिला हात सुलटाच. मानेवर केस कुठल्या दिशेला वाढतात ते बोटांनी चाचपा, कंठमण्याच्या दोन बाजूंना दिशा वेगळी असू शकते. कंठमण्यावरची कातडी बाजूला ओढून घ्या आणि सपाट जागेवर पातं चालवा. उलटा हात पहिल्या महिन्यात विसरा.

नवीन असाल तर सुरुवातीला फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने करा. हनुवटी, ओठ आणि मान नेहमीच्या रेझरने. अर्धी दाढी याने आणि अर्धी त्याने केली, हे बघणाऱ्याला कळत नाही.