छत्रीविना नव्वद मिनिटं

(काळा पडदा. भिंतीपलीकडून अचानक आरडाओरडा.)

गोल झाला. पण शेजारी झाला. तुमच्या पडद्यावर खेळाडू अजून कॉर्नरच्या झेंड्यापाशी वाकून चेंडू नीट ठेवतोय. दोन पावलं मागे सरकतो, हात वर करतो. पुढचं सगळं तुम्हाला कळून चुकलंय, पडद्यावरच्या बावीस जणांना मात्र पत्ता नाही. मग चेंडू हवेत येतो, कुणाचं तरी डोकं लागतं, जाळं हलतं. तुम्हीही ओरडता. पण ते ओरडणं शिळं असतं.

शेजाऱ्यांकडे डिश आहे. तुम्ही ती काढून टाकलीत. दीडशे वाहिन्यांची वर्गणी भरायची आणि लावायची त्यातली एकच, याचा कंटाळा आला. आता मॅच इंटरनेटवर बघता. त्यात वावगं काही नाही. फक्त हे मधले पंचवीस-तीस सेकंद कुठे जातात, आणि डिश उतरवल्यावर मॅच कुणाच्या ताब्यात जाते, ते एकदा नीट बघून घेऊ.

(शीर्षक. गच्चीवर गंजलेली डिश, तिच्या कडेवर एक कबूतर.)

बोलताना हिला छत्री म्हणतात. काम मात्र छत्रीच्या उलट. अडवायचं नाही, झेलायचं. विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरत असतो, त्यामुळे डिश एकदा त्याच्याकडे रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही. मैदानातलं चित्र वर जातं, खाली येतं. या जाण्यायेण्याला साधारण पाव सेकंद लागतो. चित्राची माहिती आवळून लहान करायला आणि पुन्हा उलगडायला आणखी काही सेकंद, बस्स. आणि हा सिग्नल पडतो पावसासारखा. खाली दहा छत्र्या असोत की एक कोटी, ढगाला काय त्याचं? एक थेंबही जास्तीचा लागत नाही.

इंटरनेट म्हणजे नळ. प्रत्येक घराला वेगळी तोटी. एक प्रेक्षक वाढला की चित्राची एक प्रत वाढली. एक कोटी लोक बघत असतील तर एक कोटी प्रती, त्याही एकाच वेळी, ज्याच्या त्याच्या दारात पोचवायच्या. एवढं पाणी एका विहिरीतून ओढता येत नाही, म्हणून ठिकठिकाणी टाक्या बांधलेल्या असतात. प्रेक्षकाच्या जवळच्या सर्व्हरवर चित्र आणून ठेवायचं आणि तिथून वाटायचं. चित्रपटाचं हे सोपं, तो आदल्या दिवशीच टाकीत भरून ठेवता येतो. मॅच आदल्या दिवशी कुठून भरणार? शिवाय चित्रपट जो तो आपल्या सवडीने लावतो. मॅचला सगळे एकाच मिनिटाला येतात, शिट्टी वाजायच्या जरा आधी, आणि सगळे एकदम पासवर्ड टाकतात. कित्येकदा चित्र पोचवायची पाळीच येत नाही. चेंगराचेंगरी दारातच होते.

(पडद्याच्या मधोमध फिरणारी चकती. जरा जास्तच वेळ फिरू द्यावी.)

आता ते तीस सेकंद. थेट चित्र म्हणजे अखंड धार, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते तुकड्यातुकड्यांनी येतं. 2009 मध्ये ॲपलने एचएलएस नावाची पद्धत आणली, ती आज सगळीकडे मुरलेली आहे. चित्राचे छोटे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकडा म्हणजे एक साधी फाइल. कोणता तुकडा कुठे ठेवलाय याची एक यादी, आणि त्या यादीत सतत नव्या ओळींची भर. तुमचा प्लेअर यादी वाचतो, पुढचा तुकडा मागवतो, लावतो, पुन्हा यादी वाचतो. सुरुवातीला तुकडा दहा सेकंदांचा ठेवा अशी शिफारस होती, पुढे ती सहावर आली. आणि प्लेअर म्हणजे मोठा सावध गडी. तीनेक तुकडे गाठीशी असल्याशिवाय तो चित्र सुरूच करत नाही. आधी दहा त्रिक तीस, आता सहा त्रिक अठरा, वर चित्र आवळायला आणि पोचवायला लागणारे सेकंद. तुमचा गोल हरवला तो इथे.

त्याचा सावधपणा अगदीच वाया जात नाही म्हणा. नेट मध्येच मंदावलं तर गाठीशी असलेल्या तुकड्यांवर तो वेळ मारून नेतो. शिवाय प्रत्येक तुकडा तीन-चार दर्जांत तयार असतो. नेट जोरात असेल तर लख्ख तुकडा, मंदावलं की धूसर. म्हणून ऐन प्रतिहल्ल्याच्या वेळी जर्सीवरचे नंबर विरघळतात, गवताचा हिरवा लगदा होतो, आणि पाच-सात सेकंदांनी सगळं पुन्हा स्वच्छ. गवत, गर्दी, पाऊस, प्रेक्षकांतून उधळलेले कागदाचे कपटे, चित्र आवळणाऱ्या यंत्राला याहून छळणारं दुसरं काही नसेल. बातम्या वाचणारा, मान न हलवणारा माणूस त्याचा सगळ्यात लाडका.

साठा कमी ठेवला तर उशीर कमी, पण अडखळण्याचा धोका जास्त. 2019 मध्ये ॲपलनेच तुकड्यांचेही तुकडे करून उशीर बराच खाली आणणारी सुधारणा मांडली. तरी गर्दीच्या सामन्यांना बहुतेक कंपन्या सावधपणाच पत्करतात, आणि मला ते पटतं. तीस सेकंद उशिरा आलेला गोल परवडला, पण पेनल्टी घ्यायला खेळाडू धावत निघालाय आणि चकती फिरतेय, हे नको.

(रात्रीचं मैदान, युक्रेन.)

10 ऑक्टोबर 2009. युक्रेन विरुद्ध इंग्लंड, विश्वचषकाचा पात्रता सामना. ब्रिटनमध्ये हक्क होते सेटांटा या वाहिनीकडे, आणि ती त्याच उन्हाळ्यात बुडाली. मग ठरलं की हा सामना तिथल्या टीव्हीवर दाखवायचाच नाही. थेट बघायचा तर इंटरनेटवर पैसे भरून. आधी घेणाऱ्याला 4.99 पाउंड, ऐन दिवशी घेणाऱ्याला 11.99. आणि गिऱ्हाइकं दहा लाखांपर्यंतच घेणार, अशी मर्यादा. इतकेच या, जास्त येऊ नका, असं ढगाला कधी म्हणावं लागलं नव्हतं. नळाला म्हणावं लागलं.

इंग्लंड आधीच पात्र ठरलेलं, म्हणजे सामना तसा बिनमहत्त्वाचा. पण रंगला असा की विचारू नका. पंधरा मिनिटं व्हायच्या आत गोलरक्षक रॉबर्ट ग्रीनला लाल कार्ड. शेवचेन्कोची पेनल्टी खांबाला लागून परत. मग नाझारेन्कोचा गोल, आणि युक्रेन 1-0 ने जिंकलं. संगणकापुढे बसून मॅच कोण बघणार, म्हणून नाकं मुरडणारे तेव्हा पुष्कळ होते. 2016 मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि जपानमध्ये इंटरनेटवर खेळ दाखवणारं डॅझन सुरू झालं. 2019 च्या डिसेंबरात ॲमेझॉनने इंग्लिश प्रीमियर लीगचे सामने दाखवले. 2023 पासून अमेरिकेची अख्खी लीग ॲपलकडे गेली. दीडशे वाहिन्यांचा गठ्ठा टाकून दिला म्हणून खूश होतो, तर हातात चार ॲपचा गठ्ठा. लीग एकाकडे, कप दुसऱ्याकडे, युरोपातल्या स्पर्धा तिसऱ्याकडे. बेरीज करायला कागद घेऊन बसलात तर डिश स्वस्त होती की काय, अशी शंका यायला लागते.

छत्री गेली, पण कुंपण गेलं नाही. उपग्रहाचा पाऊस मुळात सीमा जुमानत नाही. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ शहरात पब चालवणाऱ्या एका बाईंनी हेच हेरलं. प्रीमियर लीग दाखवण्यासाठी पबला लागणारी देशातली वर्गणी त्यांना जड जात होती, म्हणून त्यांनी ग्रीसमधल्या वाहिनीचं डिकोडर कार्ड, म्हणजे बंद वाहिनी उघडणारं कार्ड, लावलं. सामना तोच, मैदानही तेच. खटला थेट युरोपियन युनियनच्या न्यायालयात गेला. 4 ऑक्टोबर 2011 च्या निकालात परदेशी कार्डांवर सरसकट बंदी घालणं चुकीचं ठरलं. पण त्यातला मला सगळ्यात मजेशीर वाटतो तो मुद्दा वेगळाच. न्यायालय म्हणालं, फुटबॉलचा सामना ही कुणाची कलाकृती नव्हे, त्यामुळे सामन्यावर कॉपीराइट नाही. तो आहे लीगच्या गीतावर, सुरुवातीच्या चित्रफितीवर, पडद्यावर उमटणाऱ्या आकृत्यांवर. म्हणजे बावीस जणांच्या धावपळीला मालक नाही, गाण्याला आणि लोगोला आहे.

इंटरनेटवर कुंपण घालणं त्याहून सोपं झालं. तुमच्या जोडणीच्या आयपी पत्त्यावरून देश कळतो आणि दार उघडतं किंवा बंद होतं. हक्क देशादेशाला वेगळे विकलेले असतात, त्यामुळे एकच सामना एका देशात फुकट, दुसऱ्यात पैसे भरून, तिसऱ्यात गायब. यातला अव्वल विनोद खुद्द इंग्लंडचा. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात तिथे फुटबॉलचं थेट प्रक्षेपण करता येत नाही. 1960 च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हा आग्रह धरला होता. घरबसल्या मॅच दिसली तर छोट्या क्लबांच्या मैदानावर कोण फिरकणार, हे त्यांचं म्हणणं. नियम आजही टिकून आहे. शनिवारी तीनला सुरू होणारा सामना परदेशात कुठे कुठे थेट दिसतो, आणि मैदानाच्या शेजारच्या गल्लीत दिसत नाही.

(मोबाइलचा पडदा अगदी जवळून. एकावर एक उघडणाऱ्या खिडक्या.)

मग लोक चोरवाट धरतात. तिचं दर्शन एकदा जवळून घ्या. मॅचच्या चित्रावर मधोमध एक जाहिरात. तिच्या कोपऱ्यात फुली. फुलीवर बोट ठेवलं की दुसरी जाहिरात, कारण ती फुली खोटी, चित्रातलीच. खरी फुली डावीकडे, करड्या रंगात, मुंगीएवढी. ती सापडेपर्यंत तुमचा व्हिडिओ प्लेअर जुना झाला आहे, हा नवा घ्या, असं सांगणारी पेटी. तो नवा प्लेअर घेतलात की फोन तुमचा राहिला नाही. क्रेडिट कार्ड मागणारं फुकट खातं हा याचाच थोरला भाऊ.

आणि इतकं करून मिळतं काय? कुणीतरी अधिकृत स्ट्रीम घेतो, ते टिपतो, पुन्हा आवळतो, पुन्हा तुकडे पाडतो, पुन्हा वाटतो. म्हणजे मूळ उशिरावर आणखी उशीर. त्यात वाहिन्या चित्रात डोळ्यांना न दिसणारी खूण पेरतात, कुठल्या वर्गणीदाराकडून गळती झाली ते कळावं म्हणून. गळती सापडली की स्ट्रीम ऐन सामन्यात बंद. 2025 मध्ये चोरून सामने दाखवणारं स्ट्रीमईस्ट नावाचं मोठं जाळं इजिप्तमध्ये बंद पाडलं गेलं. त्याचे इंटरनेटवर 80 पत्ते होते आणि वर्षभरात 160 कोटी भेटी झाल्याचं कारवाई करणाऱ्यांनी सांगितलं.

अर्थात पाठलाग करणारेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. इटलीने 2024 च्या फेब्रुवारीत पायरसी शील्ड नावाची व्यवस्था सुरू केली. तक्रार आली की तीस मिनिटांत पत्ता बंद. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या घाईत इटलीत गूगल ड्राइव्ह बंद पडलं. ज्यांना फुटबॉलशी काही देणंघेणं नाही, त्यांच्या फाइली कुणाच्या तरी ऑफसाइडपायी अडकल्या.

(दिवस. पडद्यावर सामन्यांची यादी, एक बोट ती सरकवतंय.)

सरळ वाटा आहेत, फक्त शोधाव्या लागतात. कुठल्या स्पर्धेचे हक्क आपल्या देशात कुणाकडे आहेत, हे स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावर दिलेलं असतं. सुरुवात तिथून करावी, शोधयंत्रापासून नव्हे. युरोपात कित्येक देशांनी विश्वचषकासारखे सामने सर्वांना विनामूल्य दिसलेच पाहिजेत अशा याद्या केल्या आहेत. ते साध्या अँटेनावर येतात आणि त्या वाहिन्यांच्या ॲपवरही. महिलांच्या चॅम्पियन्स लीगचे 2021-22 च्या मोसमातले सामने यूट्यूबवर फुकट होते. त्याच स्पर्धेत, 30 मार्च 2022 ला, बार्सिलोना-रेआल माद्रिद सामन्याला बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर 91,553 प्रेक्षक होते. मॅच घरबसल्या फुकट मिळत असताना! बॉब लॉर्ड यांना हे कुणीतरी दाखवायला हवं होतं.

बाकी तयारी थोडकी. चांगल्या चित्राला सेकंदाला पाच मेगाबिट धरले तर नव्वद मिनिटांना साधारण साडेतीन जीबी जातात, मोबाइलच्या डेटावर बघणाऱ्याने हे आधी मोजावं. शिट्टीच्या दहा मिनिटं आधी लॉगिन करून बसावं. आणि गोलाची सूचना देणारी ॲप बंद करावीत. मैदानात बसलेला माणूस बटण दाबून गोल कळवतो, ते दोन अक्षरांचं काम, तुकडे नाहीत की साठा नाही. म्हणून खिशातला फोन थरथरतो तेव्हा पडद्यावर अजून थ्रो-इन चाललेला असतो.

(जुना रेडिओ. फिरणारी तबकडी, खरखर.)

22 जानेवारी 1927. लंडनमधलं हायबरी, आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड. ब्रिटनमधलं फुटबॉलचं रेडिओवरचं पहिलं थेट समालोचन. चेंडू कुठे आहे ते ऐकणाऱ्याला कळावं म्हणून रेडिओ टाइम्सने मैदानाचा नकाशा छापला होता, आठ चौकोनांत विभागलेला. समालोचक बोलत असताना दुसरा माणूस चौकोनाचा आकडा सांगायचा. घरी लोक कागदावर बोट फिरवत बसायचे.

आज एखाद्या इमारतीत एकच सामना सगळे आपापल्या परीने बघत असतील, तर गोल पहिल्यांदा होतो तो लहरींवरचा जुना रेडिओ कानाला लावून बसलेल्याच्या घरी. मग डिशवाल्याकडे. मग जिन्यापलीकडे, अधिकृत ॲपवर. आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिथे कुणीतरी मुंगीएवढी फुली शोधतोय, तिथे खेळाडू अजून वाकून चेंडू ठेवतोय.