नाल कोण काढते?

(गावच्या वाचनालयात नव्याने लिहू लागलेल्या मुलामुलींसमोर दिलेलं व्याख्यान. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मंडळी, मागच्या महिन्यात याच खोलीत, या समोरच्या भिंतीवर आपण एका अमेरिकन मालिकेचा पहिला भाग पाहिला. 'वेगास' तिचं नाव. तिकडे ती 25 सप्टेंबर 2012 ला सुरू झाली आणि 21 भाग होऊन पुढच्या वर्षी बंद पडली. आपल्यासाठी मात्र ती नवीकोरी होती. भाच्याने लॅपटॉप जोडला, मी थांबवून थांबवून मराठीत सांगत गेलो. कापूस वेचून आलेल्या बाया होत्या, पारावरचे म्हातारे होते, कॉलेजातली पोरं होती. त्या रात्री लोक जे बोलले ते मी घरी जाऊन वहीत उतरवून ठेवलं. आज मी त्या वहीबद्दल बोलणार आहे.

काळ 1960 च्या आसपासचा, गाव लास वेगास. नायक राल्फ लँब हा खराखुरा होऊन गेलेला माणूस. मुळात गुरं राखणारा, पुढे कित्येक वर्षं तिथला शेरीफ, म्हणजे पोलिसांचा मुख्य. सुरुवातीलाच विमानाच्या आवाजाने त्याची गुरं बुजतात आणि तो तावातावाने विमानतळावर जाब विचारायला जातो. इथं आपली सगळी बैठक सावरून बसली. तोवर इंग्रजी चित्र म्हणून अंग चोरून बसलेली माणसं एकदम घरची झाली. "बराबर केलं," असं मागून कोणीतरी म्हणालं. मग खून होतो, तपास लागतो, शिकागोहून आलेला कॅसिनोवाला दिसतो, दिवे, पत्ते, फिरतं चाक. पोरं चाकाकडे पाहत राहिली.

भाग संपल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? पोरांनी उत्तरं दिली, ती तुम्हीही दिली असती: कॅमेरा छान, कपडे छान, खलनायक भारी. मग एक आजोबा बोलले. तरुणपणी पोळ्याच्या दिवसांत पत्त्यांवर बसलेला हा माणूस, स्वतःच तसं सांगतो. ते म्हणाले, "थे सगळं ठीक हाये. पण नाल कोन काढते? थे तं दाखवलंच नाही."

नाल म्हणजे काय ते शहरातून आलेल्यांसाठी सांगतो. अड्डा चालवणारा प्रत्येक डावातून स्वतःचा वाटा बाजूला काढतो. जिंको कोणीही, हरो कोणीही, त्याचा वाटा ठरलेला. तो वाटा म्हणजे नाल. आजोबांनी तासभराच्या नाटकात तेवढी एक गोष्ट शोधली आणि ती त्यांना सापडली नाही.

मी त्यांना फळ्यावर हिशोब करून दाखवला. त्या फिरत्या चाकाच्या खेळाला रुलेट म्हणतात; चाकात गोळी सोडतात, ती ज्या घरात थांबते तो आकडा लागला. अमेरिकन चाकाला 38 घरं असतात: 1 ते 36, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. तुमचा आकडा लागला तर एकाला पस्तीस मिळतात आणि लावलेला रुपया परत. आता समजा, अडतीसही घरांवर शंभर-शंभर रुपये लावले. गेले 3800. एक घर नक्की लागणार, हातात आले 3600. दोनशे रुपये कॅसिनोकडे राहिले. शेकडा सव्वापाच. युरोपातल्या चाकाला एकच शून्य, घरं 37, तिथं शेकडा 2.70. हा कॅसिनोचा नाल. तो कुणी हाताने उचलत नाही. शून्याच्या घरात तो आधीच ठेवलेला असतो, म्हणून कॅमेऱ्याला दिसत नाही.

आजोबांना हे पटलं नाही. "शंभरात पाच? लय कमी झाले," म्हणाले. "मटक्यात एका आकड्याले नऊ पट भेटे. धा आकडे, नऊ पट. शंभरात धा त्याचेच." हिशोब चोख. पण मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा निघायचा, आणि हे चाक तासाला तीस-चाळीस वेळा फिरतं. दर फेरीला शंभर लावणारा माणूस तासात चार हजारांचा खेळ करतो आणि सरासरीने दोनशे रुपये ठेवून उठतो. मधून मधून जिंकतो, म्हणून बसून राहतो. हे ऐकल्यावर आजोबा बराच वेळ फळ्याकडे पाहत होते.

मटक्याचं नाव निघालं तर एक सांगायलाच हवं, कारण आपण कापूसवाले. हा खेळ कापसातूनच निघाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव मुंबईला तारेने यायचा, त्याच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव यायचे थांबले, तेव्हा 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत चिठ्ठ्यांवर आकडा काढणं सुरू केलं. आपल्या बोंडाचा भाव ठरवणारा बाजार आणि आपल्या गल्लीत आकडा लिहून घेणारा माणूस यांची नाळ अशी एक आहे. कॅसिनोची गोष्ट आपल्याला परकी नाही ती याच्यामुळे. कॅसिनो आपल्याकडे आले नाहीत. महाराष्ट्राने 1976 साली त्यांच्यासाठी कायदा केला होता, तो कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. पण पोळ्याचे पत्ते आहेत, जंगलपट्टीत कोंबडबाजार, म्हणजे कोंबड्यांच्या झुंजीवर पैसे लावणं आहे. प्रेक्षक तयार आहे, आणि तो जाणता आहे.

आता लिहिणाऱ्यांसाठी, आणि हे मला फार मनापासून सांगायचं आहे. कॅसिनोवरच्या नाटकात चोरी, खून, पत्ते बदलणारा लबाड हे सगळं येतं, कारण नाट्य तिथं सोपं असतं. खरं पाहता कॅसिनोला लबाडी करायची गरज नसते, गणित त्याच्या बाजूने आहे. ते गणित रंगमंचावर कसं आणायचं, हे अवघड काम आहे आणि ते तुम्ही करावं असं मला वाटतं.

ते होऊ शकतं. नळराजाची गोष्ट आठवा. दमयंती आपली, विदर्भाची, कुंडिनपूरची. वर्धेच्या काठचं कौंडण्यपूर ते हेच, असं आपण मानतो. नळ फाशांत राज्य हरतो तेव्हा गोष्ट सांगणारा कलीला मध्ये आणतो, तो नळाच्या अंगात शिरतो. तीही लबाडीच झाली. पण पुढे नळ ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो, आणि विदर्भाच्याच वाटेवर हा राजा रथातून एका बेहड्याच्या झाडाकडे पाहतो आणि त्याची पानं-फळं किती ते सांगतो. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडतो, मोजतो. संख्या जुळते! मग तो ऋतुपर्णाकडून फाशांची विद्या घेतो आणि त्या क्षणी कली त्याच्या अंगातून निघून जातो. जुन्या काळी फासे बेहड्याच्या फळांचेच असायचे. मोजणी शिकलेला माणूस सुटतो हे किती नाट्यमय करून दाखवलं आहे पाहा. घाईचा प्रवास, थांबलेला रथ, पाडलेलं झाड, जमिनीवर बसून फळं मोजणारा राजा. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांच्या मंडपात हा प्रवेश रात्री दोन वाजता केला तरी कोणी उठणार नाही.

वहीतली शेवटची नोंद वाचतो. सगळे खुनी कोण यावर बोलत निघाले होते. एक मावशी दारात चप्पल घालता घालता थांबल्या. विमानाला बुजून पळालेल्या गाई त्यांच्या मनातून गेल्या नव्हत्या. "मास्तर," त्यांनी विचारलं, "थ्या गाई सापडल्या का?" मला सांगता येईना. भाच्याने लॅपटॉप परत उघडला, आणि त्या चप्पल काढून आत येऊन बसल्या.