वर्गातला दुसरा शिक्षक

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? मग सुरू करते. कोरियातल्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायला जावं का, यावर बोला असं मला सांगितलंय. मी स्वतः तिथे २०१५ च्या ऑगस्टपासून दोन वर्षं होते, ग्योंगसांगबुक प्रांतात, डोंगरातल्या छोट्या गावांमध्ये, एकाच वेळी तीन शाळा सांभाळत. त्यामुळे जे बोलेन ते तिथलंच, सोलचं नाही.

या सरकारी योजनेचं नाव एपिक, ती १९९५ पासून चालू आहे. मूळ इंग्रजी बोलणाऱ्या सात देशांचे लोक तिथे घेतात, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा वगैरे, आणि भारत त्यात नाही. पण भारत-कोरिया सेपा हा व्यापार आणि आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० ला लागू झाला आणि त्यातून आपल्यासाठी एक दार किलकिलं झालं. अट अशी की पदवी पाहिजे आणि इंग्रजी विषयाची शिक्षक-पात्रता पाहिजे, म्हणजे तुमचं इंग्रजी मेथडचं बी.एड. इथेच कामाला येतं. अमेरिकेच्या पोराला शिक्षक-पात्रता नसतानाही जाता येतं, आपल्याला नाही. आणि व्हिसा मिळतो तो सहाय्यक शिक्षकाचा. सहाय्यक, हा शब्द नीट लक्षात ठेवा, मी आज जे सांगणार आहे ते सगळं त्या एका शब्दावर आहे.

पैशाचं पटकन सांगते कारण प्रश्न तोच येणार. पगार महिन्याला २० लाख वॉनच्या वर, म्हणजे आपले सव्वा लाख आणि त्यापुढे, शिवाय राहायला खोली फुकट, हिवाळ्यात जमीन खालून गरम करायची सोय असलेली. आपल्याकडे शिक्षणसेवकाला २०२३ च्या वाढीनंतरही १६ ते २० हजार मिळतात, त्यामुळे मोह होणार, त्यात चूक काहीच नाही. फक्त विमानाचं तिकीट आधी आपल्या खिशातून जातं, प्रवासभत्ता नंतर येतो, पहिला पगार हातात पडेपर्यंत घरून आणलेल्यावर भागवायचं, आणि सहा महिन्यांच्या आत सोडून आलात तर तो भत्ता परत करावा लागतो. म्हणून कर्ज काढून जाऊ नका. अजिबात नाही.

आता मुख्य गोष्ट. जायच्या आधी मी इथे चार वर्षं शिकवत होते, आठवी-नववीचा वर्ग माझा स्वतःचा होता, खडू माझा, फळा माझा, कुणाला कुठे बसवायचं तेही मीच ठरवायचे. तिथे पहिल्या दिवशी वर्गात गेले तर फळ्याजवळ कोरियन बाई उभ्या, आणि मी बाजूला. त्यांनी पुस्तकातल्या वाक्यावर बोट ठेवलं, मी ते मोठ्याने वाचलं, मुलांनी माझ्यामागून म्हटलं, मग पुढचं वाक्य. चाळीस मिनिटांचा तास, आठवड्याला बावीस तास, आणि पहिला दीड महिना मी एवढंच केलं. रात्री खोलीवर येऊन रडायचे, खरंच सांगते, वाटायचं यासाठी का मी बी.एड. केलं.

मग एक दिवस तास संपल्यावर बाई तशाच बसून राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, तुम्ही समोर असता तेव्हा मला इंग्रजी बोलायची भीती वाटते, मुलांसमोर माझं चुकलं तर? मी म्हटलं बाई, मी पण पाचवीत एबीसीडी शिकले, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासूनच होतं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना वाटत होतं मी जन्मापासून इंग्रजीच बोलते, कारण या नोकरीला तिथे ज्या नावाने हाक मारतात त्याचा अर्थच मूळभाषक शिक्षक. त्या दिवसापासून आम्ही दोघी तासाच्या आधी पंधरा मिनिटं बसायला लागलो आणि वर्ग बदलला.

आणि मला वाटतं आपली खरी जमेची बाजू हीच आहे. कोरियन भाषेत फ चा इंग्रजीतला उच्चार नाही, मुलं प म्हणतात, कॉफीची त्यांच्याकडे जवळजवळ कॉपी होते. आमच्याकडची पोरंही इंग्रजी एफला आपला मराठी फुलातला फ लावतात, ओठ मिटून. दात खालच्या ओठावर टेकवायचा हे मला कुणीतरी शिकवलं होतं म्हणून ते कसं शिकवायचं ते मला माहीत होतं, जन्मतः येणाऱ्याला ते सांगताच येत नाही कधीकधी.

मुलं गोड आहेत पण त्यांच्यावरचं दडपण फार. तिसरीपासून इंग्रजी, शाळेनंतर हागवॉन म्हणजे क्लासेस, आणि शेवटी नोव्हेंबरातली सुनुंग ही प्रवेशपरीक्षा, तिच्यात इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असताना देशभरात विमानं उडू देत नाहीत. सहावीतल्या एका मुलीने मला विचारलेलं, टीचर, तुमच्या गावात मुलं संध्याकाळी काय करतात? खेळतात म्हटल्यावर ती काही बोललीच नाही, हे मी अजून विसरलेले नाही.

जेवणाचं पण सांगायला हवं. शाळेत सगळे एकत्र जेवतात, त्याला गुपशिक म्हणतात, आणि शिक्षकाने मुलांबरोबर बसून जेवणं हा नात्याचा भाग आहे. शाकाहारी असाल तर अवघड जातं, किमचीतही बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी नाहीतर माशाचा रस असतो. मी भात, पालक आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी यावर दिवस काढले, आणि ताट घेऊन रोज त्यांच्यातच बसले. डबा घेऊन स्टाफरूममध्ये एकटं बसू नका.

इथलं काय सुटतं ते मात्र मोजा. मी ऑगस्ट २०१७ ला परत आले, तिसऱ्या वर्षाची सही करायचा आग्रह होता तरी. त्याच डिसेंबरात आपल्याकडे शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी झाली आणि मी ती दिली. पुढची थेट २०२३ च्या फेब्रुवारीत झाली! सही केली असती तर मधली सगळी वर्षं हातातून गेली असती. हे मी आधी ठरवून केलं नव्हतं, आईची तब्येत बिघडली म्हणून आले, पण तुम्ही तरी कॅलेंडर समोर ठेवून ठरवा.

आणि त्याआधी एक करून बघा. सराव पाठाच्या वेळी मैत्रिणीच्या वर्गात आठवडाभर मागे उभे राहा, ती शिकवेल, तुम्ही फक्त ती सांगेल तेवढं करा, चुकीचं दिसलं तरी वर्गासमोर न बोलता नंतर सांगा. तिसऱ्या दिवशी जीव गुदमरला तर ते स्वतःपाशी मान्य करा. गुदमरला नाही, मजा आली, तर ऑगस्टच्या बॅचचे अर्ज फेब्रुवारीत सुरू होतात. पदवीचं मूळ प्रमाणपत्र विद्यापीठातून आत्ताच काढून ठेवा, मार्कशीटवर चालत नाही, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, लागतो आणि पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस दाखला पण लागतो. माझा एक महिना नुसता त्या प्रमाणपत्राची वाट बघण्यात गेला होता.

बरं, आता तुम्ही विचारा.