उलटा चालणारा विषाणू

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या न्यूरॉनला, म्हणजे मेंदूतल्या मज्जापेशीला, नेमके कोणते न्यूरॉन निरोप धाडतात, हे शोधायला साधा रंग टोचला तर तो पुढे जाता जाता विरून जातो. विषाणू मात्र प्रत्येक नव्या पेशीत स्वतःच्या प्रती काढतो. खूण फिकी पडतच नाही.

आता ऐका डुकरांच्या लशीची गोष्ट. हंगेरीत १९०२ साली अलादार आउयेस्की यांनी जनावरांच्या मज्जासंस्थेवर हल्ला करणारा एक रोग नोंदवला. पुढे १९६१ साली तिथल्याच आडोर्यान बार्था यांनी त्याचा विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य केला. हवी होती फक्त डुकरांसाठी लस, आणि ती मिळालीही. नंतर जनुकं तपासली, तर जीई, यूएस-नाइन आणि जीआयचा बराचसा भाग गळालेला! न्यूरॉनच्या लांब धाग्यातून विषाणूला पुढे नेणारी जनुकं नेमकी हीच. त्यामुळे हा विषाणू उलटाच चालतो: निरोप घेणाऱ्याकडून देणाऱ्याकडे. पुन्हा सांगतो, घेणाऱ्याकडून देणाऱ्याकडे. अनुदानाच्या अर्जात ‘अपेक्षित उपयोग’ असा रकाना असतो ना? त्यात बार्थांनी ‘मेंदूचा नकाशा’ लिहिलं असतं का? असो.

पण हा गडी थांबत नाही. एका पेशीतून दुसरीत, तिथून तिसरीत. वेळ चुकली की थेट जोडणी कुठली नि आडवळणाची कुठली, ते कळत नाही.

२००७ साली विकरशॅम, कॅलवे आणि सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. रेबीजचा विषाणूही उलटाच चालतो. त्यातून ‘जी’ प्रथिनाचं जनुक काढलं. त्याशिवाय त्याला पुढच्या पेशीत जाता येत नाही. वर पक्ष्यांच्या विषाणूचं आवरण चढवलं. त्याला पेशीत शिरायला टीव्हीए हा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं दार, लागतो, जो सस्तन प्राण्यांत नसतो. आधी मदतनीस विषाणू टोचून निवडक पेशींना टीव्हीए आणि जी, दोन्ही द्यायचे. पुढच्या पेशीत जी नसतं, म्हणून विषाणू एकच पायरी जाऊन थांबतो. दोनतीन आठवड्यांनी रेबीज: काही शे नॅनोलिटर, अगदी सावकाश. मग काचेची नळी दहा मिनिटं तशीच ठेवायची, नाहीतर द्राव नळीच्या वाटेनं वर चढतो. साधारण सात दिवसांनी मेंदूचे काप.

घोटाळा होतो तो टीव्हीएच्या गळतीनं, म्हणजे न निवडलेल्या पेशींतही तो थोडासा तयार झाल्यानं. डोळ्यांना दिसणार नाही इतका टीव्हीएही रेबीजला आत घेतो, आणि थेट लागण झालेली शेजारची पेशी ‘जोडलेली’ वाटते. म्हणून ‘जी’ न देता तोच प्रयोग करायचाच. तरीही रंगलेल्या पेशी दिसल्या, तर त्या जोडणीच्या नव्हेत. आणि न रंगलेली पेशी जोडलेली नाही, असंही म्हणू नये. हा विषाणू सगळ्याच जोडण्या ओलांडत नाही.