रॅमवरचा संशय आणि त्याची शहानिशा

जुना व्यावसायिक संगणक काम चालू असताना अचानक निळा पडदा दाखवून पुन्हा सुरू होतो, कधी नीट जतन केलेली फाइल दुसऱ्या दिवशी उघडत नाही, तर कधी बटण दाबल्यावर नुसत्या बीप ऐकू येतात. संशय रॅमवर, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीवर, जातो आणि तो बहुधा रास्तही असतो. मात्र रॅम बसवण्याच्या स्लॉटमधली धूळ, कमजोर झालेला पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर यांमुळेही हीच लक्षणे दिसतात, म्हणून रॅमची पट्टी, म्हणजे मॉड्यूल, लगेच टाकून देऊ नये.

सर्वांत आधी हिशेबाच्या फाइलींची प्रत घ्यावी, आणि तीही हार्ड डिस्क काढून दुसऱ्या, निर्दोष संगणकावर. कारण सदोष रॅममधून जाणारी प्रत कोणताही इशारा न देता बिघडू शकते. या बिघाडाचा खरा धोका हाच आहे.

बीपचा क्रम उत्पादकागणिक वेगळा असतो, त्यामुळे तो त्या मॉडेलच्या मॅन्युअलशीच ताडून पाहावा.

आता मेमरी तपासणारा मेमटेस्ट८६ प्लस हा प्रोग्राम पाहू. ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच मेमरीची बरीच जागा व्यापते, म्हणून हा प्रोग्राम तिच्याशिवाय, थेट पेनड्राइव्हवरून चालतो. ठरावीक आकृतिबंध मेमरीत लिहितो आणि परत वाचून पडताळतो. चूक सापडली की पडद्यावर लाल ओळ येते: जे लिहिले आणि जे वाचले, त्यांत फरक आहे, मग तो एकाच बिटाचा का असेना. प्रत्येक फेरीत तोच पत्ता, म्हणजे मेमरीतली तीच जागा, येत असेल तर चिपमधला दोष संभवतो. पत्ते दर वेळी बदलत असतील तर वीजपुरवठा, उष्णता किंवा सैल जोडणी यांकडेही पाहावे लागते. काही दोष यंत्र तापल्यावरच उघड होतात, त्यामुळे चाचणी रात्रभर चालू ठेवणे उत्तम.

त्यानंतर वीज पूर्ण तोडून एकेक मॉड्यूल आलटून पालटून प्रत्येक स्लॉटमध्ये तपासावे. चूक मॉड्यूलबरोबर सरकली तर दोष मॉड्यूलचा. स्लॉटपाशीच राहिली तर स्लॉट स्वच्छ करून पुन्हा चाचणी घ्यावी. इंटेलने २००८ पासून मेमरी कंट्रोलर, म्हणजे मेमरीशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, प्रोसेसरमध्ये आणला, त्यामुळे त्यानंतरच्या यंत्रांत प्रोसेसर सॉकेटमधली वाकलेली पिनही कारण ठरू शकते.

नवे मॉड्यूल घेताना नुसत्या पिना मोजून भागत नाही: डीडीआर२ आणि डीडीआर३ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या डेस्कटॉप मॉड्यूलना २४० पिना असल्या, तरी खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही अनुक्रमे १.८ आणि १.५ असते. मॉड्यूल बदलल्यावर तीच चाचणी पुन्हा पूर्ण वेळ चालवावी, आणि ती एकाही चुकीशिवाय पार पडल्यावरच डिस्क परत जोडावी.