बापाविना नर आणि कांद्याची १६ गुणसूत्रं

फेब्रुवारी सरत आलाय. जालना जिल्ह्यातलं हे कांदा बीजोत्पादनाचं शिवार. डेंगळ्यांवर, म्हणजे कांद्याच्या फुलदांड्यांवर, पांढरे गोंडे फुललेत, बांधाला मधमाश्यांच्या पेट्या मांडल्यात.

गोंड्यातलं एकच फूल जवळून बघू. सहा पुंकेसर, टोकाला परागकोष. बोट लावलं की भुकटी चिकटते. याच कांद्याच्या मुळाचं टोक बारावीची मुलं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. पेशी ऐन विभाजनात सापडली, तर तिच्यात १६ गुणसूत्रं, म्हणजे आनुवंशिक गुण वाहून नेणारे धागे, मोजता येतात. म्हणजे ८ जोड्या. जोडीतलं एक आईझाडाचं, दुसरं परागावाटे आलेलं. ही द्विगुणित पेशी. मूळ, पात, दांडा, सगळं द्विगुणितच.

परागकोषात मात्र अर्धगुणसूत्री विभाजन चालतं. गुणसूत्रांची प्रत निघते एकदा, पेशी विभागते दोनदा. एकीच्या चार होतात. प्रत्येकीत ८, जोडीतलं एकेकच. ही एकगुणित पेशी. जोडीतलं कोणतं कुठे जाईल, याचा नेम नाही. शिवाय वेगळं होण्याआधी जोडीदार आपापसांत तुकडे बदलून घेतात. त्यामुळे बोटावरच्या भुकटीत दोन कण तंतोतंत सारखे मिळणं मुश्कीलच. माशीने पराग नेला, बीजांडातल्या ८ ना परागातली ८ मिळाली, की पुन्हा १६. मग काळं बी धरतं.

आता माशीकडे वळू. कामकरी माशी द्विगुणित, तिच्या पेशीत ३२ गुणसूत्रं. त्याच पेटीतल्या नराच्या पेशीत १६. कांद्याच्या मुळात होती तेवढीच! तरी नर एकगुणित. कांद्याची १६ म्हणजे आठाचे दोन संच, नराची १६ म्हणजे एकच संच. नुसता आकडा बघून उत्तर ठोकणारे इथेच फसतात.

हा नर न फळलेल्या, म्हणजे शुक्रपेशी न मिळालेल्या, अंड्यातून जन्मतो. फळलेल्या अंड्यातून माद्या होतात, कामकरी किंवा राणी. म्हणजे नराला बाप नाही. आजोबा मात्र आहे, आईचा बाप! मध्य युरोपातल्या सिलेशियातले धर्मगुरू यान जेर्झोन यांनी १८४५ मध्ये हे मांडलं, तेव्हा गुणसूत्रांचा पत्ताही नव्हता.

नराकडे जोड्याच नाहीत, मग निम्मं काय करणार? त्याच्या शुक्रपेशींत १६ च्या १६ जशीच्या तशी उतरतात. लाखो शुक्रपेशी, सगळ्या एकसारख्या. म्हणून या गोंड्यांवर फिरणाऱ्या ज्या कामकरी माश्या एकाच नराच्या लेकी आहेत, त्यांच्यातला बापाकडचा निम्मा वाटा अगदी सारखा असतो. फरक पडतो तो आईकडून.